पडवीवरचा पारदर्शक पत्रा का तडकतो?

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत घरांच्या पुढच्या-मागच्या पडवीवर कौलांऐवजी पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा आता सर्रास दिसतो. उजेड आत येतो, कुंड्यांतली रोपे आणि वाळत घातलेली आमसुले भिजत नाहीत आणि वानरांच्या उड्यांनी कौले फुटण्याची कटकट मिटते. काही वर्षांनी मात्र पत्रा पिवळा पडतो, स्क्रूच्या भोकापासून केसासारखा तडा निघतो आणि पहिल्या मोठ्या सरीला पाणी ठिबकू लागते. मग आगोटीच्या घाईत तड्यावर सिलिकॉनची नळी रिकामी केली जाते आणि बहुतेकदा पुढच्या पावसाळ्यापूर्वीच ती पट्टी सुटून येते. तडा बुजवला तरी तो ज्या ताणामुळे पडला तो ताण तसाच राहतो आणि हा ताण बहुधा पत्रा बसवण्याच्या पद्धतीतून आलेला असतो.

पॉलिकार्बोनेट १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीतील हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधील डॅनियल फॉक्स यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तयार केले. त्याची घनता काचेच्या निम्म्याहून कमी आणि मार सोसण्याची ताकद काचेच्या कितीतरी पट जास्त असते. दीड किलोचा नारळ १५ मीटरवरून पत्र्यावर पडला, तर आदळताना त्याचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास असतो. भरीव, जाड आणि नवा पत्रा असा मार बऱ्याचदा सोसतो. पोकळ कप्प्यांच्या पातळ पत्र्याला खळगा किंवा भोक पडते. पण उन्हाने जुना झालेला पत्रा पुष्कळच हलक्या माराने फुटतो. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण या प्लास्टिकच्या लांब रेणुसाखळ्या तोडतात, त्यामुळे वरचा थर पिवळा आणि ठिसूळ होतो. हे टाळण्यासाठी कारखान्यातच पत्र्याच्या एका बाजूला, साधारण ५० मायक्रॉन जाडीचा, अतिनील किरण शोषणारा थर चढवलेला असतो. तीच बाजू आकाशाकडे हवी. कोणती बाजू वर ठेवायची ते संरक्षक फिल्मवर छापलेले असते. फिल्म आधीच सोलून टाकली की दोन्ही बाजू सारख्याच दिसतात आणि पत्रा उलटा बसण्याची शक्यता पन्नास टक्के होते.

तड्यांचे मुख्य कारण मात्र उष्णतेने होणारे प्रसरण हे आहे. तापमान एका अंशाने वाढले की एक मीटर लांबीचे पॉलिकार्बोनेट सुमारे ०.०६५ मिलिमीटरने वाढते. पोलाद जेमतेम ०.०१२ मिलिमीटरने वाढते. कोकणातली हवा वर्षभर फारशी बदलत नाही असे आपण म्हणतो, पण उन्हात तापणारा पत्रा हवेपेक्षा बराच गरम होतो. पौषातली पहाट आणि वैशाखातली दुपार यांत पत्र्याच्या तापमानाचा फरक ४० अंश धरला, तर तीन मीटरचा पत्रा जवळजवळ ८ मिलिमीटरने लांबतो आणि त्याखालची लोखंडी चौकट दीड मिलिमीटरनेही नाही. ढग येता-जाता छपरातून जो टकटक आवाज येतो, तो या सरकण्याचा असतो. स्क्रू पत्र्यातून थेट आरपार घातला असेल, तर पत्र्याला सरकायला जागाच मिळत नाही आणि सगळा ताण भोकाच्या कडेवर साचतो. गोल भोकाच्या काठावर ताण साधारण तिप्पट होतो. अणकुचीदार चिरेच्या टोकाशी तो याच्या अनेक पट असतो, हे इंग्लिश अभियंता इंग्लिस याने १९१३ मध्ये गणिताने दाखवले. तडा एकदा सुरू झाला की पुढे पळतो, तो यामुळे.

यावरून कोणी म्हणेल की स्क्रू सैल ठेवावेत. तिथे वारा आडवा येतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या पुढे होता. त्या वेगाला वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ५५ ते ६० किलो वजनाइतका भरतो. म्हणजे तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद पत्र्यावर दीडशे किलोहून अधिक जोर येऊ शकतो आणि सहा मिलिमीटर जाडीच्या पोकळ पत्र्याचे स्वतःचे वजन चार किलोच्या आसपास असते. पडवी तिन्ही बाजूंनी उघडी असेल, तर वारा खालून पत्रा उचलतो आणि वरून ओढतो. कडा आणि कोपरे यांवर ही ओढ सर्वाधिक असते. त्यामुळे पत्रा वर जाऊ द्यायचा नाही, पण आडवा सरकू द्यायचा, अशी दुहेरी अट पाळावी लागते. सहा मिलिमीटरच्या स्क्रूसाठी नऊ-दहा मिलिमीटरचे भोक आधी पाडायचे, स्क्रूखाली रुंद धातूची चकती आणि ईपीडीएम या ऊन-पाऊस सोसणाऱ्या रबराचा वॉशर द्यायचा आणि वॉशर नीट टेकला की थांबायचे. वॉशर चपटा होऊन बाहेर फुगला, तर तो जास्त आवळला गेला असे समजावे. खाऱ्या हवेत साधे जस्तलेपित स्क्रू लवकर गंजतात. मॉलिब्डेनम असलेले ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्क्रू महाग असले तरी समुद्राजवळ तेच घ्यावेत, असे माझे मत आहे.

दुरुस्तीतली काही सामग्रीच पत्र्याला मारक ठरते. थिनर, अ‍ॅसिटोन किंवा पेट्रोलने पुसल्यास ताणाखालच्या जागी बारीक जाळीदार चिरा पडतात. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन टाळून ‘न्यूट्रल क्युअर’ असे लिहिलेली नळी मागावी. भिंतीला टेकलेल्या कडेवर गवंडी सिमेंटचा गिलावा मारतात, तेही वाईट: ओले सिमेंट अल्कधर्मी असल्याने पॉलिकार्बोनेटचे रेणू तोडते आणि कड जखडली जाते ती वेगळीच. तिथे धातूची वाकवलेली पट्टी भिंतीत बसवून पत्रा तिच्याखाली मोकळा ठेवावा.

पावसाळा तोंडावर असेल आणि तडा लहान असेल, तर पत्रा सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवावा, तड्याच्या टोकाशी छोटे गोल भोक पाडावे, म्हणजे टोकावरचा ताण पसरतो, आणि वरून ब्युटिल टेप (चिकट रबरी पट्टी) किंवा न्यूट्रल सिलिकॉन लावावे. हा उपाय एका हंगामापुरताच. पिवळा पडलेला किंवा अनेक ठिकाणी चिरलेला पत्रा बदलावाच. पत्र्यावर पाय कधीच देऊ नये. दोन पर्लिनवर (पत्र्याला आधार देणाऱ्या आडव्या दांड्यांवर) फळी टाकून तिच्यावरून काम करावे. नवा पोकळ पत्रा असेल, तर त्याचे कप्पे उताराच्या दिशेने ठेवावेत. वरचे तोंड अ‍ॅल्युमिनियम टेपने बंद करावे आणि खालच्या तोंडाला बारीक छिद्रांची टेप लावावी, म्हणजे आत जमलेला दमटपणा खाली निथळतो आणि कप्प्यांत शेवाळ धरत नाही.

कडेला मोकळी जागा किती सोडायची, हे पत्रा कोणत्या वेळी बसवता त्यावर ठरते. मे महिन्याच्या भर दुपारी तापलेला पत्रा आधीच लांबलेला असतो, त्याला थोडी जागा पुरते. डिसेंबरच्या गार सकाळी बसवणाऱ्याने तीन मीटरमागे आठ-दहा मिलिमीटर सोडायला हवेत.