एमपीआयरन

एमपीआयरन ही एकच समांतर (म्हणजे काम वाटून एकाच वेळी करणारा) प्रोग्राम अनेक संगणकांवर एकाच वेळी सुरू करणारी आज्ञा असून ती टर्मिनलवरून दिली जाते. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा समांतर संगणक घडवला, त्या काळी संगणकागणिक संदेश देवाणघेवाणीची रीत निराळी असे. १९९४ मध्ये एमपीआय (मेसेज पासिंग इंटरफेस) हे या देवाणघेवाणीचे समाईक मानक आले आणि एकदा लिहिलेला प्रोग्राम निरनिराळ्या यंत्रांवर चालवणे सुकर झाले. मात्र तो सुरू कसा करावा, हे त्या मानकाने ठरवले नव्हते. १९९७ च्या दुसऱ्या आवृत्तीने सुरू करणाऱ्या आज्ञेसाठी एमपीआयएक्झेक हे नाव सुचवले, तेही बंधनकारक न करता. ओपन एमपीआय आणि एमपीआयसीएच या मानकानुसार बनवलेल्या प्रचलित सॉफ्टवेअर संचांत आज एमपीआयरन आणि एमपीआयएक्झेक ही दोन्ही नावे चालतात.

या आज्ञेचे काम समजून घेण्यासाठी स्वतःचा प्रोग्रामसुद्धा लिहावा लागत नाही; संगणकाचे नाव छापणारी ‘होस्टनेम’ ही तयार आज्ञा पुरते. ओपन एमपीआयमध्ये ‘यादी’ नावाच्या फाइलीत दोन संगणकांची नावे लिहून प्रत्येकापुढे ‘स्लॉट्स=४’ (चार प्रक्रियांना, म्हणजे प्रोग्रामच्या चार चालू प्रतींना, जागा) असे नोंदवावे आणि एकूण आठ प्रक्रियांसाठी ‘एमपीआयरन -एनपी ८ --होस्टफाइल यादी होस्टनेम’ अशी आज्ञा द्यावी. पडद्यावर आठ ओळी उमटतात. त्यांत दोन्ही नावे चार-चार वेळा येतात, पण त्यांचा क्रम दर वेळी तोच असेल असे नाही, कारण ज्या प्रक्रियेची ओळ आधी पोचते ती आधी छापली जाते.

यामागे बरेच काही घडते. एमपीआयरन सहसा एसएसएच या सुरक्षित जोडणीच्या साधनाने दूरच्या संगणकात शिरून तेथे एक साहाय्यक प्रक्रिया उभी करते. ती नेमून दिलेल्या प्रक्रिया सुरू करून प्रत्येकीला शून्यापासून सातपर्यंतचा क्रमांक आणि इतरांशी संपर्क साधण्यापुरती माहिती पुरवते. नुसते सुरू करणे सोपे आहे. प्रक्रियांची परस्परांशी ओळख करून देणे हेच या आज्ञेचे खरे काम होय. कळफलकावरून दिलेली माहिती एरवी फक्त शून्य क्रमांकाच्या प्रक्रियेला मिळते, आणि एक प्रक्रिया मध्येच कोसळली तर बाकीच्याही सहसा थांबवल्या जातात. स्लर्मसारखी कामे वाटून देणारी यंत्रणा असेल तेथे संगणकांची यादी तीच पुरवते, किंवा एसरन ही तिची स्वतःची आज्ञा वापरली जाते.

अडचणी बहुधा प्रोग्रामबाहेरच्या असतात: एसएसएच पासवर्ड मागते, प्रोग्रामची फाइल दुसऱ्या संगणकावर त्याच मार्गावर नसते, किंवा तेथील पाथमध्ये (आज्ञा जेथे शोधल्या जातात त्या ठिकाणांच्या यादीत) एमपीआयची नोंदच नसते. या चुका निदान संदेश तरी देतात. एका संचाने संकलित (कंपाइल) केलेला प्रोग्राम दुसऱ्याच्या एमपीआयरनने चालवला, तर अनेकदा कसलीही तक्रार न होता आठही प्रक्रिया स्वतःला एकट्या आणि शून्य क्रमांकाच्या समजतात व तेच गणित आठ वेळा सोडवतात. उत्तर बरोबर येते, वेळ मात्र वाचत नाही. म्हणून नव्या यंत्रणेवर पहिल्या खेपेस प्रत्येक प्रक्रियेचा क्रमांक आणि एकूण संख्या छापून पाहणे इष्ट असते.