घरातील बुरशी (कोकण किनारपट्टी)

कोकणात पावसाळ्यात भिंती, कपाटे, गाद्या, पुस्तके आणि चामड्याच्या वस्तूंवर बुरशी चढते. अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम व क्लॅडोस्पोरियम या तिच्या नेहमीच्या प्रजाती. बीजाणू हवेत बाराही महिने असतात, उगवायला त्यांना ओल हवी. भिजलेली वस्तू 24 ते 48 तासांत सुकली नाही की बुरशी धरते.

घरातील आर्द्रता 60 टक्क्यांखाली ठेवावी, हा रूढ सल्ला जुलैत इथे पाळणे अवघडच. बाहेरची हवाच बहुधा 80 टक्क्यांच्या वर दमट असते, त्यामुळे खिडक्या उघडून स्वयंपाकाची वाफ तेवढी बाहेर जाते. त्यात इथल्या भिंतींचा जांभा दगड सच्छिद्र. घराच्या पायातून ओल वर चढते आणि वाऱ्याकडच्या भिंतीला झड बसते. जुन्या घरांच्या रुंद पडव्या व पावसाळ्याआधी बांधलेले झाप, म्हणजे नारळाच्या झावळ्यांचे विणलेले आडोसे, ही झड अडवत. नव्या स्लॅबच्या घरांचे छज्जे तोकडे पडतात. सर्वांत हाल चाकरमान्यांच्या बंद घरांचे. गणपतीला दार उघडावे तर भिंतीला टेकलेल्या कपाटाच्या पाठीवर हिरवट थर आणि गादीच्या खालच्या अंगाला काळे ठिपके.

शिंका, नाक चोंदणे, डोळे चुरचुरणे, खोकला ही सामान्य लक्षणे. दमेकऱ्यांचा त्रास बळावतो. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना फुप्फुसाचा संसर्गही होऊ शकतो. बुरशी काळी म्हणजे अधिक विषारी, हा समज मात्र चुकीचा. रंगावरून ते ठरत नाही.

हवेचे नमुने तपासून घेण्यात सहसा अर्थ नसतो. बीजाणूंची सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शिकेतही ठरवलेली नाही, आणि डोळ्यांना दिसणारी बुरशी काढायचीच असते. भिंतीवरचा पांढरा भुरा पाण्याच्या थेंबात विरघळला तर तो लोणा, म्हणजे क्षार. ओल कुठून येते हे पाहायला प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीला चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला पाणी साचले तर ओल भिंतीतूनच येते, खोलीकडच्या बाजूला साचले तर हवेतल्या दमटपणातून.

गळती आधी बंद करावी. मग एन-95 मास्क व हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने घासावे आणि जागा पूर्ण सुकवावी. सुकी बुरशी झाडूने झाडू नये, बीजाणू घरभर उडतात. आतपर्यंत बुरशी गेलेली गादी टाकूनच द्यावी. ओल्या भिंतीवर मारलेल्या रंगाचे लवकरच पोपडे सुटतात. ब्लीच वापरलेच तर त्यात अमोनिया किंवा अ‍ॅसिड कधीही मिसळू नये. विषारी वायू निघतो.