लग्न किंवा इंजेक्शनने समलिंगी ओढ ‘सुधरते’?

“पोऱ्याला पुरुषांचीच ओढ आहे? लग्न लावा, नाहीतर हार्मोनचं इंजेक्शन द्या.” जळगाव-धुळ्याकडचा हा जुना सल्ला, बहुतेकदा काळजीपोटीच दिलेला.

टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, सकाळी ७ ते १० दरम्यान रक्तात तपासलं, तर समलिंगी पुरुषाचा आकडाही साधारणपणे इतरांसारखाच येतो. कमतरताच नाही, तर भरून काय काढणार? वरून इंजेक्शन दिलं की इच्छेचा जोर वाढू शकतो, दिशा बदलत नाही. उलट शरीर स्वतःचं हार्मोन कमी बनवतं, शुक्रजंतू घटतात. आजारांच्या जागतिक यादीतून समलैंगिकता १९९० मध्येच वगळली. म्हणून उपचार सांगणाऱ्याकडे रोगाचं नाव लेटरहेडवर लिहून मागा. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या जाहिरातवाल्याकडे तर नक्कीच.

लग्नानेही ओढ बदलत नाही, फक्त त्यात दुसऱ्या घरची लेक अडकते.