साखर-बिस्किटांची सजावट

साच्याने कापून भाजलेल्या सपाट बिस्किटांवर साखरेचा थर देऊन नक्षी काढण्याची पद्धत. थर दोन प्रकारचे : अंड्याच्या पांढऱ्यात पिठीसाखर घोटून केलेले, वाळल्यावर कडक होणारे रॉयल आयसिंग, आणि साखर, ग्लुकोज, ग्लिसरीन व जिलेटिन मळून केलेला, पोळीसारखा लाटता येणारा फॉन्डंट. मूळ पद्धत युरोप-अमेरिकेतली. बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी भाषक पट्ट्यात वाढदिवस, बारसे आणि नाताळ ही तिला जोडता येणारी सोयीची निमित्ते.

साखरेला आकार देणे मात्र इथे जुनेच. संक्रांतीला नव्या सुनेच्या आणि बाळाच्या अंगावर हलव्याचे दागिने चढतात. कार्तिकातल्या गौरी हुण्णिमेला (पौर्णिमेला) उत्तर कर्नाटकात लाकडी साच्यांत साखरेचा पाक ओतून ‘सक्करे आरती’च्या, म्हणजे साखरेच्या, आकृत्या पाडतात. खुद्द बेळगावी मांड्यांत पिठीसाखर भरली जाते, त्यामुळे साखर वस्त्रगाळ करणे म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. आयसिंगची अर्धी लढाई तिथेच आहे : घरी दळलेल्या साखरेतला एखादा कण आयसिंग भरलेल्या कोनाच्या टोकाशी अडकला की रेघ तुटते.

बिस्किटाची कणीक मैदा, लोणी, पिठीसाखर, अंडे आणि व्हॅनिला यांची. बेकिंग पावडर घालू नये किंवा चिमूटभरच घालावी, नाहीतर बिस्कीट पसरते आणि हत्तीचा ढग होतो. सुमारे ५ मिमी जाड लाटून, कापून, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे. मग १७५ अंश सेल्सिअसला कडा जेमतेम रंग धरेपर्यंत, साधारण १० मिनिटे, भाजावे. बिस्कीट पूर्ण गार होण्याआधी वर काहीही लावू नये.

रॉयल आयसिंगसाठी एका अंड्याच्या पांढऱ्याला १५० ते २०० ग्रॅम पिठीसाखर आणि लिंबाचे चार थेंब लागतात. कच्च्या अंड्याची धास्ती असल्यास मेरिंग पावडर (वाळवलेल्या पांढऱ्याची पूड) वापरतात. अंडे न खाणाऱ्या घरांत काबुली चणे शिजवून उरलेले दाट पाणीही तेच काम करते. नवशिक्याचा हात अडतो तो नक्षीत नव्हे, घट्टपणात. कडा आखायला आयसिंग घट्ट हवे : टोक उचलले तर उभे राहावे, हलकेच वाकावे. आतला भाग भरायला त्यातच थेंबथेंब पाणी घालतात. भांड्यात सुरीने रेघ ओढावी. १० ते १५ सेकंदांत ती मिटली तर बरोबर. लवकर मिटली तर आयसिंग कडेवरून ओघळेल, उशिरा मिटली तर वर सुरकुत्या राहतील. कोन मेंदीच्या कोनासारखाच धरायचा, पण टोक बिस्किटाला टेकवायचे नाही. किंचित वर ठेवून धार खाली पडू द्यायची. भरल्यावर उठलेले बुडबुडे टाचणीने लगेच फोडावेत.

फॉन्डंट पहिल्याच दिवशी नीटनेटका दिसतो, म्हणून शिकाऊंना तो सुचवला जातो. कॉर्नफ्लॉवर भुरभुरून २ ते ३ मिमी जाड लाटायचा, बिस्किटाच्याच साच्याने कापायचा आणि मधाचा किंवा जॅमचा पातळ हात देऊन चिकटवायचा. चवीत तो आयसिंगपुढे फिका. मुले तो सोलून बाजूला ठेवतात, हे उघड गुपित आहे. जिलेटिन प्राणिज असते, तेव्हा शाकाहारी घरांनी पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहूनच तो घ्यावा.

खरी परीक्षा इथल्या पावसाची. जून ते सप्टेंबर घाटालगतच्या खानापूर भागात हवा इतकी दमट असते की एरवी रात्रभरात, ८ ते १२ तासांत, वाळणारे आयसिंग दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते आणि फॉन्डंट घाम धरतो. अशा वेळी आयसिंग किंचित घट्ट ठेवावे आणि भरल्या भरल्या पंख्याखाली वाळवावे. फ्रीजमध्ये ठेवणे ही नेहमीची चूक. बाहेर काढताच त्यावर दव धरते. रंग पातळ न घेता जेल घ्यावेत, कारण वाढलेले पाणी सगळे गणित बिघडवते. लाल आणि पांढरा शेजारी असतील तर एक पूर्ण वाळल्यावरच दुसरा भरावा, नाहीतर लाल पांढऱ्यात उतरतो. वाळलेली बिस्किटे हवाबंद डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून ठेवली की आठवडाभर सहज टिकतात.