ती आरोळी नक्की कोणाची?

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या सॅनफर्ड शहरात २६ फेब्रुवारी २०१२ च्या रात्री पाऊस पडत होता. वस्तीवर लक्ष ठेवणाऱ्या रहिवाशांच्या गटातला, म्हणजे 'नेबरहूड वॉच'मधला जॉर्ज झिमरमन याला ट्रेव्हॉन मार्टिन हा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा संशयास्पद वाटला. त्याने पोलिसांना फोन केला. "तुम्ही त्याच्या मागे जायची गरज नाही," असं पलीकडून सांगण्यात आलं. काही मिनिटांत झटापट झाली, गोळी सुटली आणि मार्टिनचा जीव गेला. त्याच्याकडे हत्यार नव्हतं. आपण जीव वाचवण्यासाठी गोळी झाडली, असं झिमरमनचं म्हणणं.

एका रहिवासी बाईंनी ९११ ला, म्हणजे तिथल्या आपत्कालीन मदतीच्या क्रमांकाला, केलेल्या फोनवर मागून मदतीसाठी ओरडण्याचा आवाज येतो, मग गोळीचा आणि मग काहीच नाही. ओरडणारा झिमरमन असेल तर स्वसंरक्षणाच्या दाव्याला बळ मिळतं. मार्टिन असेल तर तो दावा डळमळतो.

आवाजावरून माणूस ओळखणारं यंत्र तेव्हाही होतं, मग अडलं कुठे? बोलताना पुरुषाच्या स्वरतंतूंची कंपनं सेकंदाला साधारण १०० ते १२० असतात आणि त्यांच्या पटीतले स्वर एकमेकांना चिकटून उमटतात. घसा आणि तोंडाची पोकळी त्यांतल्या काही स्वरांना उठाव देते. आवाजाची ओळख त्या उठावात असते. जिवाच्या आकांताने ओरडताना कंपनं कित्येक पटींनी वाढतात आणि स्वर एकमेकांपासून लांब जातात. रांगोळीचे ठिपकेच मोजके उरले की त्यांतून कमळही निघतं आणि मोरही. त्यात साधा फोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झपलीकडचं, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांपलीकडचं, पोहोचवत नाही. शिवाय आवाज घराबाहेरचा, आणि त्यावर फोनवरचं बोलणं.

तरीही एका तज्ज्ञाने झिमरमनच्या बोलण्याशी तुलना करून ४८ टक्के जुळणी सांगितली, आणि ओरडणारा तो नव्हे असा निष्कर्ष काढला. टक्केवारी आली की बातमीला वजन येतं! एफबीआयचे हिरोताका नाकासोने यांनी मात्र या ध्वनिमुद्रणावरून ओळख पटवणं शक्यच नाही, असं सांगितलं. पद्धत शास्त्रज्ञांमध्ये सर्वमान्य नाही म्हणून झिमरमनवरच्या खटल्यात न्यायाधीश डेब्रा नेल्सन यांनी ओळख पटवू पाहणारी तज्ज्ञ-साक्ष ज्यूरीपुढे येऊच दिली नाही. मला हा निर्णय रास्त वाटतो.

वाहिन्यांनी मात्र घाई केली. झिमरमनच्या फोनमधला एक अस्पष्ट शब्द सीएनएनच्या तंत्रज्ञाने आधी वांशिक शिवी म्हणून ऐकला; पुढे त्याच वाहिनीवर तो 'कोल्ड', म्हणजे थंडी, असा ऐकू आला. काय ऐकू येणार हे आधी सांगितलं की कान तेच ऐकतो. एनबीसीचं प्रकरण वेगळं, तिथे थेट कात्री चालली. मुलाचा वर्ण कोणता, हा पोलिसांचा प्रश्न वगळल्यामुळे झिमरमनने तो आपणहून सांगितला असं वाटलं.

ओळखीच्या माणसाचा कान यंत्रापेक्षा बरा, पण सगळ्यांनी एकत्र ऐकलं तर एकमेकांचा प्रभाव पडतो, असंही नाकासोने यांनी साक्षीत म्हटलं होतं. मार्टिनच्या कुटुंबाने ते एकत्रच ऐकलं होतं. ५ जुलै २०१३ ला मार्टिन आणि झिमरमन दोघांच्याही आया साक्षीला उभ्या राहिल्या. आवाज माझ्याच मुलाचा, असं दोघींनीही सांगितलं. १३ जुलैला सहा स्त्रियांच्या ज्यूरीने झिमरमनला निर्दोष ठरवलं.