टेप पोटालाच का लावतात?

उपकेंद्रात तिशीपुढच्यांची तपासणी असली की आशाताई टेप काढतात. "काकाजी, पोट आत नका ओढू." कापूस वेचून वाळलेलं अंग, हातपाय काड्यांसारखे, पण कमरेला टेप ९३ सेंटिमीटर दाखवतो. "मी कुठं जाडा आहो बाई?" काकाजींचा प्रश्न रास्त आहे.

चरबी म्हणजे धान्याची कोठी, भरली की पडून राहणारी, असंच पूर्वी समजत. पण तिच्यात अंगाची राखण करणाऱ्या पेशीही असतात, आणि त्या पेशींचा शोध वेगळ्याच वाटेनं लागला. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिनाला शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला. सकाळी पाहतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा. १९०८ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं, पॉल एर्लिक यांच्यासोबत. चरबीशी या पेशींचा संबंध जुळायला मात्र शतक लोटलं.

१९९३ मध्ये होतामिस्लिगिल आणि स्पीगलमन यांना लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा दाह वाढवणारा रेणू सापडला. तो थोपवला की उंदरांत इन्सुलिन नीट काम करू लागे. माणसांच्या मधुमेहावर हा उपाय तसा चालला नाही. उंदीर आणि माणूस यांत फरक असतोच. रेणू येतो कुठून, हे २००३ मध्ये कळलं. लठ्ठ शरीराच्या चरबीत मॅक्रोफेज, म्हणजे मेचनिकॉफच्या त्याच भक्षक पेशी, दाटीनं जमलेल्या होत्या. दोन वर्षांनी इटलीच्या सावेरिओ चिंती यांच्या गटाने दाखवलं की फुगून मेलेल्या चरबीपेशीभोवती त्यांचं कडं पडतं. पुन्हा तोच गराडा, फक्त काटा नाही.

सडपातळ अंगातही या भक्षक पेशी असतातच. वावरात जागलीला बसलेला माणूस डुक्कर आलं की ओरडतो, नाहीतर निवांत असतो. लठ्ठ अंगात तो रात्रंदिवस ओरडत राहतो, आणि त्या गोंगाटात पेशींना इन्सुलिनची हाक ऐकू येत नाही. साखर रक्तातच राहते.

मग काकाजींसारख्या बारीक माणसाचं काय? २००४ मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. चरबी मात्र युडकिनच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्याला हे दिसत नाही, पोटावरच्या टेपला दिसतं. म्हणून तपासणीच्या फॉर्मात पुरुषाच्या कमरेची पहिली रेघ ९० ला आहे, बाईची ८० ला.

ताईंनी ९३ लिहिलं, काकाजींचं बोट पुसलं आणि सुई टोचली.