कूटलेखनातील मोकळी जागा

कूटलेखनातील मोकळी जागा : मजकुरातील अक्षरे बदलून तो सांकेतिक करताना दोन शब्दांमधल्या जागेचे काय करायचे, याविषयीची पद्धत. संगणकाच्या लेखी जागा हेही एक चिन्हच आहे. त्याचा क्रमांक ३२.

जुन्या लेखनात हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील ब्राह्मी लेख कोरले गेले तेव्हा शब्द तोडून लिहिण्याचा नियम रूढ नव्हता. अशोकाच्या काही लेखांत मात्र पदसमूहांनंतर जागा आढळते. मोडीही सलगच लिहीत. मराठी कूटलेखनाचे ठळक उदाहरण म्हणजे महानुभावांची सकळ लिपी. तिचे कर्तृत्व परंपरेने रवळोबासांकडे जाते. काळ सामान्यतः १४ वे शतक मानतात. परकीयांच्या हातून ग्रंथांचा नाश होऊ नये म्हणून ती योजली, असे एक मत आहे. अनधिकारी वाचकांपासून ज्ञान राखण्यासाठी, असे दुसरे. दुसरे अधिक सयुक्तिक वाटते, कारण लिपी बदलल्याने पोथी जळण्यावाचून राहत नाही. तिची उकल केल्याचे श्रेय वि. का. राजवाडे यांना दिले जाते.

सीझर पद्धतीत अक्षर तीन घरे पुढे सरकवतात. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत त्यासाठी अक्षराच्या क्रमांकातून लहान ‘ए’चा क्रमांक, ९७, वजा करून २६ ने भागल्यावरची बाकी घेतात. जागेच्या बाबतीत वजाबाकी उणे ६५ येते. पायथन अशा वेळीही बाकी धनच देत असल्याने ती १३ ठरते, आणि ‘ए’ला शून्य धरून मोजल्यास १३ म्हणजे ‘एन’. ‘नाशिक रोड’ रोमन लिपीत लिहून सरकवल्यास पहिले अक्षर आणि मधली जागा दोन्ही ‘क्यू’ होतात. उलगडताना जागेच्या ठिकाणी ‘एन’ उमटतो. प्रोग्रॅम कुठेही अडत नाही, त्यामुळे ही चूक सहज लक्षात येत नाही.

यावर ‘इजअल्फा’ने, म्हणजे चिन्ह अक्षर आहे का हे सांगणाऱ्या पायथनमधील आज्ञेने तपासून, अक्षर नसेल ते तसेच पुढे सोडण्याची पद्धत रूढ आहे. देवनागरीत ती अपुरी पडते. काना, वेलांटी, मात्रा ही युनिकोड या संगणकीय चिन्हसंचात स्वतंत्र चिन्हे असून ‘इजअल्फा’ त्यांना अक्षर मानत नाही. देवनागरीतल्या ‘नाशिक रोड’च्या ९ चिन्हांपैकी ५ बदलतात, बाकीची उघडी राहतात. शिवाय जागा राखली की शब्दांची लांबी कळते, आणि एकटे उभे असलेले अक्षर ‘व’ असण्याचा संभव मोठा असतो. तारायंत्राच्या काळात यासाठी पाच-पाच अक्षरांचे गट पाडीत.

जागेला वर्णमालेतले २७ वे स्थान देऊन २७ ने भागणे हा मार्ग अधिक नेटका. त्यात ‘एक्स’ची जागा होते आणि जागेचा ‘सी’. मात्र मजकूर ‘एक्स’वर संपत असेल, तर सांकेतिक मजकुरावर ‘स्ट्रिप’ ही कडेची मोकळी जागा काढणारी आज्ञा चालवू नये. शेवटची जागा, म्हणजेच शेवटचे अक्षर, गळून जाते.